शशिकांतचा पहिला बार

शशिकांत डहाके आवाजाला भितो, हे मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या झाडून सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे. कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाला फुगे असले की तो सोफ्याचं दाराजवळचं टोक धरून बसतो. दिवाळीत मंडळी ड्राइव्हवेवर अनार लावतात, तेव्हा तो गॅरेजमध्ये काहीतरी शोधत असतो. गेल्या अठ्ठावीस वर्षांत ते त्याला सापडलेलं नाही. आणि नोकरी कसली, तर गाडीतली एअरबॅग नेमकी कधी उघडायची हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगची. अर्थात ती सगळी स्क्रीनवर, मुकाट्याने.

हे भय नागपूरपासूनचं. लहानपणी पेटत्या फटाक्याच्या दहा हातांच्या आत तो कधी गेला नाही. पण एखादा फुसका निघाला की तिथे सगळ्यांच्या आधी शशिकांत! मेलेल्या फटाक्याला कसलं भ्यायचं? उकिडवं बसायचं, वातीत धग उरली आहे का ते बघायला हलकी फुंकर मारायची, नसली तर कागद फाडून आतली दारू काढायची. पोरांना ती धिटाई वाटायची. खरं म्हणजे तो नुसता सुटकेचा आनंद होता.

अशा माणसाची मुलगी बंदूक उडवते. आन्या सत्तावीस वर्षांची, इथेच जन्मलेली, इतिहास शिकलेली. उत्तर मिशिगनमधल्या एका जुन्या किल्ल्यावर ती नोकरी करते. उन्हाळाभर अडीचशे वर्षांपूर्वीच्या शिपायाचा लाल कोट चढवून टुरिस्टांपुढे ठासणीची बंदूक भरते आणि धडाड् करून उडवते. चार वर्षांपूर्वी शशिकांत आणि त्याची बायको सुहासिनी कौतुकाने बघायला गेले होते. पहिला बार झाला आणि शशिकांतला भान आलं ते पार्किंग लॉटमध्ये, कुणाच्या तरी व्हॅनमागे. आन्याच्या सोबतचे लोक हसले नाहीत, हे आणखीच वाईट. ती धावत आली, पाठीवर हात ठेवून म्हणाली, "इट्स ओके, बाबा."

त्यानंतर फोनवर ती हवेबद्दल बोलायची, जेवणाबद्दल बोलायची, कामाबद्दल चकार शब्द नाही. "काम कसं चाललंय?" "गुड, बाबा." संपलं. आपल्या भित्रेपणाची पोरीला लाज वाटते, हे त्याने मनाशी पक्कं धरलं. अशीच एक एक गोष्ट सांगायची बंद करत ती एक दिवस अगदी परकी होईल, अशी त्याने धास्ती घेतली. बंदुकीच्या आवाजाहून ही भीती मोठी निघाली, म्हणूनच गेल्या डिसेंबरात तो तासाभराच्या अंतरावरच्या एका क्लबात ठासणीची बंदूक शिकायला जाऊ लागला. सुहासिनीने नागपूरला बहिणीला फोनवर सांगितलं, "हे दर शनिवारी दारूच्या क्लासला जातात," आणि तिकडे दोन दिवस कुणाला जेवण गोड लागलं नाही.

शिकवणारा वॉल्ट हा सत्तरी ओलांडलेला शांत म्हातारा. त्याने सगळं सावकाश दाखवलं. काळी दारू मापानेच घ्यायची, डब्यातून थेट नळीत कधी ओतायची नाही. मग तेलकट चिंधीत शिशाची गोळी गुंडाळून गजाने तळापर्यंत ठासायची. गजावर खूण करून ठेवायची, म्हणजे आत बार आहे की नाही ते कळतं. ठिणगी देणारी तांब्याची चिमुकली टोपी घोड्याखाली बसवायची ती अगदी शेवटी. आणि बार नाही उडाला, तर नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे धरून गप्प उभं राहायचं, चांगलं मिनिटभर. नळीत तेल राहिलं असेल, तर आतली दारू कधीकधी उशिरा पेटते.

शशिकांतने सगळं वहीत लिहून घेतलं. टेस्टिंगचा माणूस तो, त्याने चेकलिस्ट बनवली, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातली. क्लबाची बंदूक दर शनिवारी साबणाच्या कोमट पाण्याने धुवायची, पुसायची, तेल लावायचं, हे काम त्याने मागून घेतलं. धुणं-पुसणं इतकं मन लावून चाले की उडवायला वेळच उरत नसे. कधी पाठ धरायची, कधी वारा असायचा, कधी घरी पाहुणे. पाच महिन्यांत त्याने त्या बंदुकीला वाटीभर तेल पाजलं असेल. बार एकही उडवला नाही. 

मग फोनवर एकदा "काम कसं चाललंय"च्या पुढचा गप्पपणा त्याला सोसवेना आणि तोंडून निघून गेलं, "मीपण शिकतोय, यार. तुझंच ते."

 "बाबा, यू? सीरियसली? मी येते. मला बघायचंय."

मे महिन्याच्या एका शनिवारी साडेचार तास ड्राइव्ह करून ती आली. क्लबाच्या मैदानावर ते दोघं आणि मागे बाकावर वॉल्ट, एवढेच होते.  दारू मापताना शशिकांतने निम्मी टेबलावर सांडली. चेकलिस्टमधली पहिलीच ओळ होती: भरण्याआधी नुसत्या टोप्या उडवून नळीतलं तेल जाळून टाकणे. पण नुसती टोपीसुद्धा फट् करून वाजते. त्याने ती ओळ अंगठ्याखाली झाकली.

"टोप्या उडवून घेतल्यास ना?" आन्याने विचारलं.

"हो हो, मघाशीच. तू गाडी पार्क करत होतीस तेव्हा."

जन्मात पहिल्यांदा त्याने टेस्ट न करताच पास लिहिलं होतं.

त्याने बार ठासला, टोपी बसवली, चष्मा लावला, कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले, बंदूक खांद्याला टेकवली. छाती अशी धडधडत होती की समोरचा निशाणाचा कागद वरखाली होत होता. पळून जावं, आत्ता, इथून. पण डाव्या बाजूला आन्या उभी होती. त्याने डोळे मिटले आणि चाप ओढला.

मफमधून नुसतं टक्.

बस, एवढंच. धडाका नाही, धूर नाही, खांद्याला धक्का नाही. शशिकांतचा जीव भांड्यात पडला. फुसका! देवा, फुसका निघाला! पन्नास वर्षांपूर्वी फुसक्या फटाक्यापाशी हसायचा, तसा सुटल्यासारखा तो हसला, बंदूक खाली घेतली, नळीचं तोंड वर, स्वतःकडे वळवलं, आणि ओठांचा चंबू करून वाकला.

"बाबा, फुंकू नको!"

नळी त्याच्या हनुवटीखालून हिसडली गेली. आन्याने ती दोन्ही हातांनी धरून बांधाकडे लोटली होती, आणि त्याच क्षणी बार उडाला.

धुराने दोघं झाकले गेले. शशिकांतला आवाज ऐकू आला की नाही, ते त्याला आजही सांगता येत नाही. धुरात चाचपडत त्याने पोरीचे हात पकडले आणि बोटं मोजली. पाच. दुसऱ्या हाताची पाच. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजली. मनगटावर काळं लागलं होतं, ते अंगठ्याने पुसलं, खाली कातडी धड होती.  ती झेपावली नसती तर? आणि तिचा हात जरा पुढे असता तर? आपल्याला काही झालं असतं, ते एक वेळ चाललं असतं. पण हे हात!

वॉल्टने बंदूक काढून घेतली आणि त्यांना बाकावर बसवलं. आन्या रडत होती, रागाने आणि भीतीने, दोन्हीने.

"यू लाइड टू मी! टोप्या उडवल्याच नव्हत्यास!"

"नव्हत्या उडवल्या. आवाजाला घाबरलो." त्याची मान वर होत नव्हती. "तुला लाज वाटते ना माझी? म्हणून तू कामाचं काही सांगत नाहीस."

तिने नाक पुसलं आणि वेड्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. "लाज? बाबा, मला स्वतःलाच भीती वाटते. एव्हरी सिंगल टाइम. लास्ट समर माझ्या शेजारच्या मुलाची भुवई जळली. एकदा माझीच बंदूक उशिरा उडाली. तुला सांगितलं असतं तर तू झोपला नसतास. म्हणून नाही सांगितलं."

चार वर्षं. तो इकडे घाबरत होता, ती तिकडे. एकमेकांना कळू न देता.

"सांगत जा," तो म्हणाला.

"तू घाबरशील."

"मी तसाही घाबरतोच. सांगितलंस तर निदान कशाला घाबरायचं ते नक्की कळेल."

ती रडता रडता हसली. मग तिने भुवई जळली त्या दिवसापासून सुरुवात केली. शशिकांत तिचे दोन्ही हात घट्ट धरून, प्रत्येक वाक्याला घाबरत ऐकत राहिला, आणि ती थांबली की म्हणत राहिला, "पुढे?"