वडशाचं कोरिया अभ्यास मंडळ

चार माणसं एखाद्या विषयाचा अभ्यास करायला जमली, की विषय राहतो बाजूला आणि किस्से मात्र साचत जातात. आमच्या वडशाच्या कोरिया अभ्यास मंडळाचं तेच झालं.

मंडळ काढलं शाळेतल्या गुरुजींनी. कोरियातली लढाई थांबल्यावर कैद्यांच्या छावणीवर पहारा द्यायला आमच्या जनार्दनची पलटण गेली होती. तो परत आला तो गप्प होऊनच. स्वतःच्या आईशी, म्हणजे गिरजाबाईंशीही, धड बोलेना. गिरजाबाई गुरुजींना म्हणाल्या, "तुमी इचारा, तुमाले सांगन." गुरुजींनी लगेच दर रविवारी जनार्दनचं व्याख्यान ठरवलं. गिरजाबाई दाराशी बसत.

*

नकाशा नव्हता. गुरुजींनी फळ्यावर अंदाजानं कोरिया काढला.

शेतकरी सीतारामभाऊंची एकच शंका होती : तिकडे धान नुसतं फेकून पेरतात, की रोपं लावून रोवणा करतात? जनार्दन म्हणाला, रोवणा.

"मंग माणसं आपल्यासारखीच आहेत," म्हणून सीतारामभाऊ उठले. त्यांचा अभ्यास पूर्ण झाला होता.

*

हिवाळ्यात तिकडे नदी गोठते, हे तलावावर मासे धरणाऱ्या दसरूभाऊंना मुळीच पटलं नाही. लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकतात म्हटल्यावर मात्र ते सरसावून बसले.

पुढच्या रविवारी दसरूभाऊंनी मासे धरणारी सगळी ढिवर मंडळी आणली आणि कोरियातल्या मासेमारीवर स्वतःच तासभर बोलले. ते ब्रह्मपुरीच्या पुढे कधी गेले नव्हते. गुरुजींनी वहीत लिहिलं, 'अतिथी व्याख्याते'!

*

नाटकांचा सीझन लागला आणि शाळा ओस पडली. गुरुजींनी व्याख्यान नाटकाच्या इंटरव्हलमध्ये घुसवलं. जनार्दन थंडीवर बोलला. पब्लिकनं वन्स मोअर दिला. त्यानं तेच भाषण एकही शब्द न बदलता पुन्हा केलं.

आम्हाला कोरियाची हवा पाठ झाली. गिरजाबाई ज्यासाठी येत, ते काही निघेना. मला फार वाईट वाटायचं.

*

एका रविवारी गुरुजींनी शंका विचारायला सांगितल्या आणि गिरजाबाईंनी हात वर केला.

"तू तिथी दिवसभर काय करत होता रे?"

जनार्दननं खडू घेऊन फळ्यावर एक चौकोन काढला. मग म्हणाला, तंबूला दोन दारं होती. आत कैद्याला त्याच्या देशाचे अधिकारी विचारायचे, घरी जातोस का? हो म्हणाला तर एका दारानं घरी, नाही म्हणाला तर दुसऱ्या दारानं परत छावणीत. तिकडचं राज्य नको म्हणून बरेच जण नाही म्हणायचे. त्या दुसऱ्या दारावर जनार्दन उभा असायचा. विशीतला एक जण तिथून बाहेर आला आणि जनार्दनचा हात धरून रडला. बोलायची परवानगी नव्हती. बोलणार तरी कुठल्या भाषेत?

"त्याच्या मायले कोणी कळवलं?"

"नाई."

गिरजाबाई गुरुजींकडे वळल्या. "पत्र लिहा."

गुरुजी चाचरले. नाव नाही, पत्ता नाही, तिकडची भाषाही कुणाला येत नाही.

"मले तरी कुठी वाचता येते? पत्राची वाट तं मीबी पाहत होती," गिरजाबाई म्हणाल्या. "लिहा, लेक जित्ता आहे म्हणून. जनार्दन, तू सांग."

गुरुजींनी दौत पुढे ओढली. दुपार कलली तरी जनार्दन सांगतच होता.