पायडलवाले सत्तारभाई

दुरुस्तीला आलेल्या टेपला सत्तारभाई आधी कान लावायचे. गिऱ्हाईक बिघाड सांगू लागलं की त्याला हातानं थांबवायचे. “तुम्ही थांबा जरा, तो बोलून राहिलाय.” लातुरात त्यांचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर माझं वकिलीचं नवंकोरं ऑफिस. पक्षकार फारसे येत नसत, त्यामुळे मी बहुतेक वेळ खालीच असे.

भूकंपाच्या पुढच्या वर्षी सुनंदा नावाची मुलगी त्यांच्याकडे आली. घराची भिंत पडून तिचा उजवा हात गेला होता. बारावीसाठी ती डाव्या हातानं लिहायला शिकली होती. क्लासमधले तास टेप करून आणायची आणि घरी ऐकून उतरवून काढायची, पण टेप थांबवायला दर वाक्याला पेन खाली ठेवावं लागे. “बटन जरा हलकं करून द्या,” एवढंच तिचं म्हणणं.

“हात एक आन् कामं दोन?” भाई म्हणाले. “पाय रिकामेच हायेत की.”

आठवड्याभरात त्यांनी शिलाई मशीनचा पायडल स्कूटरच्या ब्रेक-केबलनं टेपला जोडून दिला. दाबला की टेप थांबे, सोडला की चालू. सुनंदा चांगल्या मार्कांनी पास झाली. इथल्या एका दैनिकात तिचा फोटो आला, टेबलाखालच्या पायडलासकट. मग काय, क्लासच्या पोरांची दुकानासमोर रीघच लागली.

दोनेक वर्षांनी मुंबईच्या एका कॅसेट कंपनीची नोटीस आली. पायडल हा आमचा शोध आहे, पेटंटसाठी अर्ज केला आहे, नक्कल ताबडतोब थांबवा. भाईंचा चेहरा उतरला. “वकीलसाब, हे मला चोर म्हणून राहिले. दुकान गेलं तरी चालंल, हे कागदावर राहू देऊ नका.”

सुनंदा तेव्हा जळकोटला मामाकडे राहत होती. तिनं पेटीतून फोटोचं कात्रण काढून दिलं. त्यावरची तारीख कंपनीच्या अर्जाच्या बरीच आधीची होती. मी कात्रणाची प्रत नोटिशीच्या उत्तरासोबत पाठवली, तर कंपनीचा माणूसच दुकानात हजर.

“हे कात्रण पुढे आणू नका,” तो चहा पिता पिता म्हणाला. “अर्जात तुमचंही नाव घालतो. मग दुसऱ्या कोणाला हा बनवता येणार नाही.”

मी भाईंना डोळ्यांनी ‘हो म्हणा’ खुणावत होतो.

“दुसरं कोणी म्हंजे? नांदेडात बनवून राहिले, ते बी?”

“तेही.”

“मग न्हाई. त्यांना मीच शिकवलंय.”

पुढे आम्ही कात्रण जोडून रीतसर हरकत घेतली. कंपनीनं नोटीस आणि अर्ज, दोन्ही मागे घेतले. मी मात्र भाईंवर बरेच दिवस चिडून होतो. चालून आलेलं नाव माणसानं असं घालवावं?

त्यानंतर एका लग्नाला हदगावला गेलो, तर तिथला एक मेकॅनिक असाच पायडल विकत होता. कोणी काढला म्हणून विचारलं, तर म्हणाला, “आपलंच डोकं.” परतल्यावर मी हे भाईंना मुद्दाम तिखटमीठ लावून सांगितलं.

“स्प्रिंग कुठून लावतो तो?” त्यांनी विचारलं.

“वरून.”

“वरून? पोरांचे पाय दुखतील की.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते हदगावला गेले. मुक्काम करून परतले तेव्हा मी विचारलं, “पायडल कोणाचा, ते सांगितलं का त्याला?”

“ते राहूनच गेलं,” भाई म्हणाले. “पण स्प्रिंग खाली घेतली त्यानं. गडी हुशार हाय.”