दुसऱ्या वाघिणीची फळी

बुधवारी संध्याकाळी कोल्हे सरांचा फोन आला. भट्टी चालू होती, हातात चिमटा होता, मोबाईल खांद्यात धरून मी बोलत होतो. ना नमस्कार ना काही. एकदम म्हणाले, "दत्तू, तुमचं आटपाडी लिहिताना डी दीर्घ ना रे?" नववीतनं शाळा सोडलेल्या माणसाला कुणी ह्रस्व-दीर्घ विचारलं तर तो काय सांगणार? मी म्हणालो, "दीर्घच असंल, सर." "असंल नको. पक्कं सांग." मी डोळे मिटले आणि आमच्या स्टँडवर उभ्या एस्टीची पाटी आठवली. "पक्का दीर्घ, सर. एस्टीच्या पाटीवर दीर्घ हाय." "मग झालं. वाघीण वाळायला ठेवतो. रविवारी ये." फोन बंद झाला. कुणाला तरी माझा गावाकडचा पत्ता द्यायचा असेल, असं वाटून मी पुन्हा कामाला लागलो.

गुरुवारी सकाळी त्याच नंबरवरून फोन. मी म्हणालो, "बोला सर." पलीकडे सई होती, सरांची मुलगी. "दत्ता भैया, पापा नहीं रहे." बारा-तेरा वर्षं मी चंदीगडात आहे, हिंदीत धंदा करतो, पण त्या वेळी डोक्यात शब्द शिरलेच नाहीत. मी विचारलं, "घर पे नहीं रहे? तो कहाँ गए?" मग जन्मापासून आईबापाला हिंदीतच उत्तर देणारी ती पोरगी मराठीत म्हणाली, "भैया, पापा गेले." तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. तेव्हा कळलं.

मनीमाज्र्यातल्या दुकानावरून त्यांच्या कॉलेजच्या क्वार्टरपर्यंत स्कूटर कशी नेली ते मला आजही सांगता येणार नाही. धुकं इतकं होतं की पुढची सायकल दिसत नव्हती. बाहेरच्या खोलीत सरांना ठेवलं होतं. वय अठ्ठावन्न, कसला आजार नाही, आदल्या संध्याकाळी ह्रस्व-दीर्घ विचारणारा माणूस. चहाचा कप हातात घेतला आणि खुर्चीतच मान टाकली, असं काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, प्रत्येक येणाऱ्याला त्याच शब्दांत सांगत होत्या. मला तिथं उभं राहवेना. मी मागच्या खोलीत गेलो, त्यांच्या कामाच्या. रंगाचा वास येत होता. टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदावर एक वाघीण आडवी ठेवलेली, समोर भिंतीला टाचणीनं तिचा फोटो. का कुणास ठाऊक, मी अंगठा लावला. रंग चिकटला. माणूस गेला आणि त्याचा रंग अजून ओला…

महिना उलटून गेला. सरांच्या आठवणींची पुरवणी निघणार होती. काकू म्हणाल्या, "पुरवणीसाठी तूच लिही." कॉलेजातली एवढी शिकलेली माणसं असताना मी कशाला, असं म्हटलं तर म्हणाल्या, "ती माणसं प्रोफेसर कोल्ह्यांबद्दल लिहितील. वाघिणींबद्दल कोण लिहिणार?" म्हणून हा खटाटोप. शुद्धलेखन छापणाऱ्यांनी बघून घ्यावं.

आमच्या भागातली निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. जुने दागिने, मोडकी चांदीची भांडी वितळवायची, मळ काढायचा, शुद्ध सोनं-चांदी सराफाला परत द्यायची. नववीत शाळा सोडून मीही चुलत्याबरोबर उत्तरेकडं आलो आणि पुढं मनीमाज्र्याच्या गल्लीत दुकान धरलं. नव्वदीतली सुरुवातीची वर्षं होती. एकदा सोनं वितळवायची मूस चिमट्यातून निसटली, बोट भाजलं आणि तोंडातून अस्सल आटपाडीची शिवी निघाली. दारातून आवाज आला, "जपून रे! सांगलीकडचा काय तू?" स्वेटर घातलेला, जाड चष्म्याचा माणूस उभा. पितळेला डाग द्यायला, म्हणजे सांधायला, टाकणखार शोधत आला होता. घर सोडल्यापासून माझ्या भाजलेल्या बोटाची मराठीत चौकशी कुणी केली नव्हती. मला रडूच आलं, ते मी बोटावर ढकललं.

हेच कोल्हे सर. ते भुसावळचे. वडील मालगाडीवर गार्ड. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते धातुशास्त्र शिकवत. जाताना म्हणाले, "रविवारी घरी ये. वाघिणी दाखवतो." मी चार दिवस हवेत. शेजारच्या बिट्टू हलवायाला सांगितलं, तर तो म्हणाला, "ओए, प्रोफेसर ने शेरनियाँ पाली हैं? इजाज़त किसने दी?" मी म्हणालो, पाळल्या नसतील यार, जंगलात जाऊन फोटो काढले असतील. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सरांनी एक खोकं उघडलं. आत काळे-पांढरे फोटो आणि सगळ्या फोटोंत जुने, मळके, लाकडी रेल्वेचे डबे. शेवटपर्यंत बघितलं आणि भीत भीत विचारलं, "सर, वाघिणी कुठं हायत?"

"ह्याच की!"

आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. मी गाडी पहिल्यांदा पाहिली ती मिरजेला, घर सोडताना. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात हे मला कुणी सांगायचं? सर हसून हसून खोकायला लागले. आत ओरडून म्हणाले, "अगं, ऐकलंस का, ह्याला खऱ्या वाघिणी पाहिजेत!" काकू कणीक लागलेल्या हातानं बाहेर आल्या. "कोल्ह्यांच्या घरात खऱ्या वाघिणी राहिल्या असत्या, तर हे कोल्हे राहिले असते का रे?" मग मला जेवूनच पाठवलं. तेव्हापासून बहुतेक रविवार माझे त्या घरात गेले.

तरुणपणी सर वर्षभर संशोधनासाठी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावी होते. खोलीच्या मागं रेल्वेचं जुनं यार्ड होतं आणि तिथं कामातून गेलेल्या वाघिणी पावसात उभ्या असायच्या. घरची आठवण आली की ते कॅमेरा घेऊन तिकडं जात. "लोक इंजिनाचे फोटो काढतात," ते म्हणत. "मालगाडी आली की डबे मोजतात. बघत कोणी नाही." पुढं तिथले काही हौशी लोक त्यांना पोस्टानं फोटो पाठवू लागले. नंतर सायबर कॅफे आले तेव्हा ईमेलनं येऊ लागले आणि सर प्रिंट काढून रुमालात गुंडाळून आणत. त्या फोटोंवरून ते वीतभर लांबीच्या वाघिणी बनवायचे. लाकडाच्या चिपा, पितळेची पट्टी, बारीक कुंचले. एक वाघीण कधी कधी सहा-सहा महिने चाले.

पण बनवण्याआधी बघणं. फोटो भिंतीला लावायचा आणि भिंग घेऊन अख्खा रविवार नुसता बघायचा. खिळ्याखालून गंजाचा ओघळ कुठपर्यंत आलाय. नवा रंग उडून आतला जुना मालकाचा शिक्का कुठं डोकावतोय. यार्डातल्या माणसानं खडूनं केलेली खूण, अर्धवट पुसलेली. मला म्हणत, "सांग, काय दिसतंय?" मी घाबरत घाबरत सांगे. चुकलो तर म्हणत, "परत बघ," एवढंच. शाळेत मला कुणी परत बघ म्हटलं नव्हतं, सरळ छडीच. सरांचे नियम दोन. फोटोत नाही ते करायचं नाही, फोटोत आहे ते सोडायचं नाही. आणि तिसरा खास माझ्यासाठी : "ओल्याला हात लावू नको, दत्तू!" कारण रंगवलेलं दिसलं की माझं बोट आपोआप पुढं जायचं.

एका फोटोतली वाघीण माझ्या डोक्यातनं जात नाही. सात आडव्या फळ्यांची, उघड्या तोंडाची, कोळशाची. बाजूवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत, पण मधल्याच एका फळीवर भलत्याच अक्षरांचे अर्धे तुकडे. वर-खाली कशाशी जुळत नाहीत. मी म्हणालो, पेंटर दारू प्यायलेला दिसतोय. सर म्हणाले, "नाही रे. ही फळी दुसऱ्या वाघिणीची. इथली मोडली असेल, यार्डात एक मोडीत निघालेली वाघीण असेल, तिची काढून हिला ठोकली. रंग द्यायला वेळ कुणाला? अक्षरं जुळत नाहीत, पण कोळसा सांडत नाही." मी आपलं हसत म्हणालो, "मग ती मीच की, सर. आटपाडीची फळी, चंदीगडच्या डब्याला!" सर हसले नाहीत. भिंग खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, जास्त बोललो.

उपकार किती सांगू… तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, धुरानं मला खोकला जडला होता आणि मी तो लपवत होतो. दुकान बंद करायला सांगतील, मग गावी काय तोंड घेऊन जाऊ, ही भीती. सरांनी एका रविवारी वाघिणीऐवजी मला स्कूटरवर घातलं आणि मोठ्या इस्पितळातल्या आपल्या मराठी डॉक्टर मित्रापुढं नेऊन बसवलं. दुकानाला धुराडं कसं काढायचं ते स्वतः कागदावर काढून दिलं, गवंड्यापुढं उभे राहिले. मी थँक यू म्हणालो तर म्हणाले, "गप. तू खोकलास की माझा कुंचला हलतो."

आता शेवटचं. क्वार्टर रिकामं करायचं होतं. काकू पुण्याला बहिणीकडं जाणार. वाघिणी आणि फोटो अंबाल्याचे खन्ना साहेब नेणार होते. तेही या छंदातले, सरांचे जुने मित्र. सरांनीच कधीतरी तसं बोलून ठेवलेलं. मी बांधाबांध करायला गेलो होतो. मनात एकच होतं, ती शेवटची वाघीण मला मिळावी. पण मागायची कुणाच्या नात्यानं? ना मुलगा, ना पुतण्या, ना विद्यार्थी. तोंड उघडलं तर माणसं म्हणणार, जेवायला येणारा आता सामानावर उठला. म्हणून गप्प राहून एकेक वाघीण कापसात ठेवत होतो.

खन्ना साहेबांनी ती शेवटची उचलली, खिडकीशी नेली, भिंग लावलं. भिंतीवरचा फोटो काढून शेजारी धरला. त्यांचा चेहरा उतरला. "भाभी जी, यह फट्टा तो ग़लत है. फ़ोटो में है ही नहीं. और यहाँ अँगूठा लगा है. कोल्हे साहब से ऐसी ग़लती?" मग हळू आवाजात, "शायद तबीयत… ख़ैर, मैं घिसकर ठीक कर दूँगा."

अंगठा माझा होता. पण फळी? सरांनी फोटोत नसलेलं केलं? मला गुरुवारच्या फोनइतकाच धक्का बसला. मी पुढं होऊन बघितलं. ही वाघीण वेगळी, पण हिलाही सातच फळ्या. सहांवर इंग्रजी नाव, फोटोत होतं तसंच. वरून चौथ्या फळीवर मात्र वेगळाच पांढरा रंग, अर्धी कापलेली अक्षरं. वरची रेघ नाही, नुसती खालची अंगं. आधी दांडे दिसले. मग ट चं पोट. मग पा चे दोन दांडे. मग ड चं वेटोळं… सर माझ्या मागं उभे राहून विचारत आहेत असं वाटलं, सांग, काय दिसतंय?

"घासू नका," मी मराठीतच ओरडलो. खन्ना साहेब दचकले. काकू म्हणाल्या, "काय झालं रे?" मी म्हणालो, "काकू, हे आटपाडी हाय. आमचं गाव." मी फळीकडं बोट केलं. "चुकलेलं न्हाई. ती दुसऱ्या वाघिणीची फळी हाय."

काकू जवळ आल्या. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या. "बुधवारी मला विचारत होते," त्या म्हणाल्या, "डी दीर्घ का म्हणून. मी म्हटलं, त्यालाच विचारा की. मला वाटलं, पार्सलवर पत्ता लिहितायत." मग खाली बसल्या आणि त्या दिवसापासून पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. सईनं खन्ना साहेबांच्या हातातून वाघीण घेतली, माझ्या तळहातावर ठेवली. "यह शेरनी आपकी है, भैया." खन्ना साहेबांनी भिंतीवरचा तो फोटोही माझ्या हातात दिला.

माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर काही ना काही कोरलेलं असतं. कुणाचं लग्न, कुणाचं नाव, कुणाचं गाव. मुशीत पडलं की सगळं जातं, माझं कामच ते. भट्टीच्या धगीपासून लांब, धुराड्याच्या पलीकडच्या फळीवर आता ती वाघीण आहे. रंग कधीच वाळलाय, तरी पुसायला फडकं नेलं की हात आखडतो. बाजूला माझा अंगठा तसाच उमटलेला आहे. रविवारी दुकान बंद असतं, पण मी येतो. भिंग घेऊन बसतो. अक्षरं मधून कापलेली, त्यामुळं वरची वेलांटी राहिलीच नाही, ह्रस्व की दीर्घ ते एका दांड्यावरूनच कळणार. तो ड च्या आधी असता तर ह्रस्व झाला असता. एवढ्यासाठी त्यांनी फोन केला होता.

दांडा ड च्या नंतर आहे. पक्का, सर.