बाईंनी दिलेलं शून्य

सुलभाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वलवणातल्या घरी, दारात शेंगा सोलत बसले होते. "शेवंतामावशी, आई गेली," एवढंच त्यांची लेक म्हणाली. मी बरं म्हटलं आणि परत शेंगा सोलायला लागले... या वयात रडायचं म्हटलं तरी दमायला होतं. त्याला आता महिना झाला.

बाई लोणावळ्यात ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, आणि मी, सातवी शिकलेली, त्यांच्या प्रयोगशाळेत शिपाई. बाटल्यांतली पांढरी पूड म्हणजे मला सगळं मीठच. पहिल्याच आठवड्यात चिमूटभर जिभेवर ठेवायला निघाले, तर बाईंनी हातावर फटका मारला. यातलं एखादं पोटात गेलं तर जीव जाईल, म्हणाल्या. "क्षाराला जिभेने नाही विचारायचं, ज्योतीला विचारायचं." मग तारेच्या टोकावर पूड घेऊन बर्नरवर धरायला शिकवलं. मिठाची ज्योत पिवळी, बेरियमची पोपटी. नवसागर हाही पांढरा क्षारच; त्यात चुना कालवला की नाकात झिणझिण्या. माझी तर रोज जत्राच.

आमच्याकडच्या दमट हवेत बाटल्यांची लेबलं सुटतात. अकरावीच्या प्रॅक्टिकलच्या सकाळी दोन खाली पडलेली दिसली. तपासता मला येत होतं, पण घाई होती; अंदाजाने चिकटवली. इंदुरी गावच्या सुनंदाला नवसागर म्हणून बेरियम मिळालं. पोरीने पोपटी ज्योत पाहिली, बेरियम लिहिलं. कुणाला कोणता क्षार दिला त्याची यादी बघून बाईंनी शून्य दिलं. सुनंदा मग चार दिवस आलीच नाही. बाईंनी तिची वही पुन्हा काढली, बाटली तपासली आणि मला घेऊन एसटीने इंदुरी गाठली. तिच्या वडिलांना म्हणाल्या, "चूक माझी. तुमच्या मुलीने खरं तेच लिहिलं होतं." मी शेजारी उभी. नोकरी जाईल म्हणून तोंड उघडलं नाही.

परतताना मात्र राहवलं नाही. "बाई, लेबलं मी लावली व्हती."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "माहीत आहे गं. पण यादीवर विश्वास मी ठेवला. पोरीवर नाही."

पुढे कितीक वर्षं एकत्र काम केलं, तो विषय त्यांनी काढला नाही. मीही सुनंदाला कधी सांगितलं नाही.

बाईंच्या तेराव्याला सुनंदा आली होती. तीही आता रसायनच शिकवते. ती चपला घालत असताना तिला गाठलं आणि लेबलांचं सांगून टाकलं. तिने मला पायरीवर बसवलं, स्वतःही बसली.

"मावशी, शून्य द्यायला मला लय वेळ लागतो," म्हणाली. "आधी बाटली उघडून बघते."