आईले वाटलं मी नक्कल करून राह्यली

कामरगावात मले सारे नकली पोरगी म्हणतात. नकली म्हणजे खोटी नाई, नकला करणारी. हेडसरचा खोकला, कंडक्टरचं 'चला पुढं सरका', शेजारच्या काकूचं फोनवर रडणं, सारं मले येते. कोणाच्या घरी बारसं असलं का जेवणं झाल्यावर मले उभं करतात. चोवीस वर्षांची झाली, तरी करतात.

दोन वर्षांआधी मले ल्युपस निघाला. अंगातली ताकद बाहेरच्या रोगाशी लढाची सोडून आपल्याच अंगावर उलटते, असं डॉक्टरनं सांगितलं. सांधे सुजत, तोंडावर लाल चट्टा येई, आन सकाळी उठाच्या आधीच मी थकेल असो. हे आईले डोळ्यानं दिसे, म्हणून तिनं मानलं. मंग डोकं बिघडलं. ते कोणाले दिसत नव्हतं.

गॅसपाशी उभी राहून मी म्हणो, "आई, ते दे न. ते, पोळी पलटवाचं."

सराटा हा शब्दच तोंडात येत नव्हता. आई हासे. "आता कोणाची नक्कल वो? कोण्या म्हातारीची?"

"नक्कल नाई, आई. खरंच आठवत नाई."

"हे तं लयच भारी जमलं तुले."

एका बारशात काकूची नक्कल कराले उभी राह्यली आन अर्ध्यातच थांबली. काकू पुढं काय बोलते, तेच गेलं. लोकाईनं टाळ्या वाजवल्या, त्याईले वाटलं तेबी नकलेतच हाय. घरी येऊन मी आडवी झाली. रडाचाबी कंटाळा आला होता.

शेवटी माह्या डॉक्टरनं अमरावतीले मेंदूचा एमआरआय कराले लावला. त्या नळीत अर्धा तास डोक्यापाशी कोणी टीन ठोकून राह्यलं असं वाटते. बाहेर आल्यावर मी आईले तस्सा आवाज काढून दाखवला, ठक ठक ठक, मंग टर्रर्र.

"पाह्य," आई म्हणे. "हे बरं ध्यानात राह्यते."

तिचं म्हणणं चुकीचं होतं, पण मले ते समजावून सांगता येत नव्हतं.

डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला. "मेंदूत दोन-चार पांढरे ठिपके आहेत. ल्युपसमध्ये दिसतात, कधी निरोगी माणसातही दिसतात. त्यावरून विसरण्याचं नक्की सांगता येत नाही. फोटो साफ असला तरी त्रास खरा असू शकतो."

आईनं एवढ्यातलं फक्त पांढरं ऐकलं. "डॉक्टरसाहेब, कोड तं नाई न? पोरीचं लगन व्हाचं हाय."

"कोड चामडीवर असतं, बाई. मेंदूत नाही."

"मंग बरं हाय," आई म्हणे. "मेंदू पाहाले कोण येते."

मंग डॉक्टरनं मले पाच शब्द सांगितले, ध्यानात ठेव म्हणे. शंभरातून सात-सात वजा कराले लावले. थोड्या वेळानं शब्द इचारले. दोन आले. बाजूले बसून आई ओठ हालवून राह्यली होती, परीक्षेत खिडकीतून कॉपी पुरवतात तशी.

"तुम्ही सांगू नका," डॉक्टर म्हणे.

"अवो, येते तिले. मस्ती करून राह्यली." मंग माह्याकडं वळून, "सांग न बाई. इथं नको करू मजाक."

मी तिच्या ओठाकडं पाह्यलं. मांजर, असं दिसलं. पण हा शब्द मले कोणी सांगितला होता, हेच आठवत नव्हतं.

"मांजर होतं काय त्याच्यात?" मी आईलेच इचारलं.

आईचे ओठ थांबले. ती माह्याकडं पाहत राह्यली, हासली नाई. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहत होता. आईनं पदर नीट केला, तो नीटच होता.

कामरगावच्या स्टँडवर काकू भेटली. तिची नजर आईच्या काखेतल्या मोठ्या पाकिटावर. "काय निघालं वो फोटोत? काही नसन. लय नाटकी हाय तुमची पोरगी."

आईनं पाकीट दुसऱ्या काखेत घेतलं. "नाटक नाई ते, काकू. पोरगी इसरते. काही इचारलं तं तिले जरा टाइम देत जा."

काकू माह्याकडं पाहून राह्यली, मी आता काहीतरी आवाज काढीन म्हणून. मी काही काढलं नाई. पाय लय दुखत होते. आईनं माह्या हातातली पिशवी घेतली आन आमी घराकडं निघालो.