मांजरेकाठचा दत्तक डबा

या वयात दत्तक घेऊ नये, असं घरात सगळ्यांचंच मत होतं. डबा दत्तक घेतोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "घरातले कमी पडले का?"

तर हा डबा जिओकॅशचा. कुणीतरी डबा लपवायचा, जागा इंटरनेटवर टाकायची, बाकीच्यांनी मोबाईलवर बघत हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहून परत ठेवायचा. आजूबाजूच्या माणसांना पत्ता लागू द्यायचा नाही, हा मोठा नियम. आमच्या घाटनांदूरच्या मुळे मास्तरांनी पाटोद्याकडं मांजरा नदीकाठी असा एक डबा ठेवला होता. मग त्यांचे गुडघे गेले आणि तीन वर्षं साइटवर 'सापडला नाही' एवढंच येत राहिलं. महिन्याभरात दुरुस्ती दाखवा, नाहीतर कायमचा बंद करू, असं साइटवाल्यांनी कळवलं. "वही तरी मिळंल का रे?" मास्तरांनी विचारलं. ज्यांनी कधी डबा शोधला, त्या सगळ्यांच्या सह्या त्यात होत्या. मी मागंपुढं न बघता डबा माझ्या नावावर करून घेतला.

सकाळच्या एसटीनं मांजरसुंबा गाठलं. पासष्टीपुढं अर्धं तिकीट, आधार कार्ड विसरू नका. ढाब्यावर शेवभाजी मागू नका, मागितलीच तर पाणी आधी मागा. तिथून पाटोद्याकडं जाणाऱ्या जीपनं पुलापाशी उतरायचं आणि अर्धा तास नदीकाठानं चालायचं. करंज, जांभळं इतकी दाट की दुपारीही टोपी लागत नाही.

मोबाईल म्हणाला, हीच जागा. मी करंजाच्या मुळ्यांत हात घालून बसलो. तेवढ्यात शेळ्यांमागून एक बाई आल्या.

"काय हरवलं, दादा?"

"काही नाही. असंच फिरतोय." नियम म्हणजे नियम.

"समदे असंच येतेत," त्या म्हणाल्या. "असंच मुळ्यात हात घालतेत, असंच जातेत."

तासभर शोधलं. एक विंचू सापडला, त्याला वही नव्हती. शेवटी धपाटे सोडले, बाईंनाही दिले. त्यांचं नाव गयाबाई. खाताखाता माझ्या मनात आलं, मास्तरांना काय सांगणार? आणि तोंडातून निघून गेलं, "डबा हरवलाय बघा. मित्राचा."

गयाबाई खायच्या थांबल्या. "कसला?"

"मी बघितला नाही."

"न बघता हुडकायलाव? मित्राला इचारा."

मास्तरांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"झाकनाचा रंग?" गयाबाईंनी विचारलं.

"पिवळा. कोण बोलतंय?"

"आत काय हाय?"

"वही, लाल दोऱ्यानं बांधलेली. आणि लाकडी भोवरा. कोण बोलतंय?"

गयाबाई उठल्या. "शेळ्या बघा," म्हणाल्या आणि वस्तीकडं गेल्या. मी शेळ्या बघितल्या. त्यांनीही मला बघितलं.

परत आल्या तेव्हा हातात लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला डबा. वही कोरडी ठणठणीत.

"पुराचं पानी मुळ्यापोतर आलतं. म्हनलं व्हावून जाईल, कुनाचं तरी हाय. घरात दान्याच्या कनगीवर ठिवला. मंग येईल त्याला इचारलं, काय हरवलं? एक बी बोलला न्हाई. काहून बोलत न्हाईत हे लोक? मी लोकाचं कुनाला देऊ?"

फोन अजून चालूच होता. पलीकडून मास्तरांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

डबा परत ठेवताना कुणी बघू नये, हाही नियम. पण पुराच्या वरची जांभळाची ढोली गयाबाईंनीच दाखवली, तोंडाशी दगडही त्यांनीच लावला. तेव्हा मीच तोंड फिरवून उभा राहिलो.

घरी येऊन दुरुस्तीचा फोटो टाकला. काय बिघडलं होतं, असा रकाना होता. लिहिलं : डबा चांगला होता. आम्हीच खोटं बोलत होतो. डबा चालू राहिला.

परवा लातूरच्या एका जोडप्यानं नोंद केली : 'बाईंनी विचारलं, काय हरवलं? आम्ही म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, खरं सांगा, मालक दोघं हायेत, दोघं बी म्हातारे.'

सापडला त्यांना.