स्टुलावरची सासू

आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डातली सिस्टर म्हणजे भिंगरी. नाव मीच ठेवलं. लादी पुसायचं काम माझं, आणि ओल्या लादीवरून दिवसातून पन्नासदा हीच जायची. बसा जरा म्हटलं की म्हणायची, "मावशी, बसले की डोक्यात किडे वळवळतात."

बाळाला पाजायचं कसं आणि पुढचा पाळणा लांबवायचा कसा, हे ती शिकवायची. "समजलं का?" असं तिने कधी विचारलं नाही, कारण त्यावर मान सगळ्याच हलवतात. ती खाटेजवळ स्टूल ओढायची, तेवढ्यापुरती त्यावर टेकायची, कमरेवर हात ठेवायची आणि म्हणायची, "आता मी तुझी सासू. अगं, अंगावर पाजतेस ना, मग गोळ्या-बिळ्या कशाला? बोल." मग त्या पोरीने सांगायचं, की बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि दिवसरात्र फक्त अंगावरचंच दूध, या तिन्ही गोष्टी असतील तरच त्याचा भरवसा. एक जरी सुटली तरी दुसरा उपाय लगेच हवा. कुणी अडखळली की सासू पुन्हा पहिल्यापासून.

या सासूच्या हातून एकच सून सुटली, आमच्याच वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई. पोट उघडून बाळंतपण झालं होतं. भिंगरीने स्टूल ओढलं आणि हसून परत ठेवलं. "यांना काय शिकवायचं? यांनीच मला शिकवावं." मलाही पटलं, खोटं कशाला बोलू.

तीन महिन्यांनी बाई कामावर आल्या. बाळ दिवसा आजीकडे बाटलीवर, रात्री आईपाशी. पुढे दीड महिन्याने एका सकाळी त्यांनी भिंगरीला औषधांच्या खोलीत ओढलं. दार अर्धवट, मी बादली घेऊन बाहेर.

"सिस्टर, चार दिवस मळमळतंय. पाळी तर अजून आलीच नाही. मी पाजतेय ना."

"आणि दिवसाची बाटली?"

आत कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला.

बाई तपासणीची पट्टी घेऊन मोरीत गेल्या. भिंगरी माझ्या ओल्या लादीवर येरझारा घालू लागली. "पोटातला व्रण कच्चा आहे, मावशी. इतक्यात दिवस राहिले तर जिवाशी खेळ. मी एक प्रश्न विचारला असता तर माझी काय जीभ झडली असती?" मला तिचा राग आला होता आणि त्याहून जास्त माझा. मी तीच फरशी चारदा पुसली.

बाई बाहेर आल्या. पट्टीवर दोन रेघा. त्या रडल्या नाहीत, पण चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, "परवा एकीला मीच म्हटलं, पाजतेयस ना, मग घाई नको. तिचं बाळ सात महिन्यांचं होतं." भिंगरीने नोंदवही उघडून पत्ता काढला आणि चपला घालता घालताच जिना उतरली. ती बाई सापडली, दिवस राहायच्या आत सापडली.

डॉक्टरीणबाईंनी मूल ठेवायचं ठरवलं. दर आठवड्याला तपासणी, आणि दर तपासणीला भिंगरी दाराबाहेर उभी. बसायचं तर ती विसरलीच.

बाईंच्या पाचव्या महिन्यात भिंगरीने हट्टाने सगळ्या डॉक्टरांची बैठक बोलावली. भिंतीला टेकून मीही उभी. तिने मधोमध स्टूल ठेवलं आणि मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, "या साहेब, बसा. आज तुम्ही सून."

कुणीतरी फिसकन हसलं. मोठे डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, "सिस्टर, आम्हाला हे माहीत आहे."

मागच्या रांगेतून डॉक्टरीणबाई खुर्चीला धरून हळूच उठल्या. पोट आता लपत नव्हतं.

"मलाही माहीत होतं, सर," त्या म्हणाल्या.

 मोठे डॉक्टर पुढे आले आणि स्टुलावर बसले.